एकच नाव, पाच खुर्च्या

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता हेड ऑफिसचा मेल आला की समजायचं, शनिवार गेला. मागच्या महिन्यातला मेल दोन ओळींचा होता, सीनिअर लीडरशिपमध्ये बायका किती टक्के आणि सक्सेशन प्लॅनमध्ये, म्हणजे पुढे खुर्चीवर कोण त्या यादीत, किती टक्के, सोमवारी सकाळी दहापर्यंत पाठवा. खाली नेहमीचा एक्सेल जोडलेला. मी गोव्यात वेर्ण्याला एका औषधांच्या फॅक्टरीत एचआर बघते, सतरा वर्षं झाली, राहते फोंड्याला, आणि हा एक्सेल इतक्यांदा भरलाय की कुठल्या सेलला कुठला फॉर्म्युला आहे ते झोपेत सांगेन. पण यावेळी भरताना हात अडकला. का अडकला ते सांगायलाच ही पोस्ट. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी टक्केवारीची गंमत सांगते. सीनिअर म्हणजे कोण, हे कोणी ठरवलेलंच नसतं. आमच्याकडे प्लांट हेडच्या मीटिंगला बसणाऱ्या १४ खुर्च्या आहेत, त्यातल्या ३ वर बायका. म्हणजे २१ टक्के. पण मॅनेजर आणि त्याच्यावरचे सगळे धरले तर ६२ माणसं होतात आणि त्यात १९ बायका, झाले ३१ टक्के. आणि फक्त जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर ग्रेड धरली तर ६ जणांत १. बिल्डिंग तीच, माणसं तीच, दुपारच्या कॅन्टीनला शीत-कडी खायला बसणारी टाळकी तीच, पण आकडा १७, २१, ३१ यातला तुम्हाला हवा तो काढा. पहिल्या वर्षी आम्ही ३१ पाठवला. तेव्हाचे साहेब म्हणाले, "मॅनेजर म्हणजे सीनिअर नाही तर काय ज्युनिअर?" आणि मला पण तो आकडा बघायला बरा वाटला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी हेड ऑफिसनं व्याख्या बदलली, तर आमच्या "प्रगती"त एकदम दहा टक्क्यांची घसरण आणि वरून फोन, गोव्यात बायका सोडून चालल्यात का म्हणून. एक पण बाई गेली नव्हती.

आणि १४ जणांत टक्के काढायचेच कशाला हा दुसरा प्रश्न. तिघींतली एक बाळंतपणाला गेली आणि नोकरी सोडली की २१ चे १४ होतात, लगेच लाल बाण. एक बाई घेतली की हिरवा बाण आणि लगेच न्यूजलेटरमध्ये फोटो. मी आता माझ्यापुरता नियम केलाय, वीसच्या खाली डोकी असतील तर टक्के लिहायचेच नाहीत, सरळ "१४ पैकी ३" लिहायचं. हेड ऑफिसच्या टेम्प्लेटला ते चालत नाही, सेल नंबरच मागतो, म्हणून बाजूच्या कमेंटमध्ये टाकते. कोण वाचतं माहीत नाही.

पण हे सगळं झालं आज खुर्चीवर कोण बसलंय त्याचं मोजमाप. खरा खेळ पुढे कोण बसणार यात असतो आणि तिथे मी स्वतः घाण केलेली आहे.

सक्सेशन प्लॅन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रत्येक मोठ्या खुर्चीपुढे तीन चौकोन. आत्ता तयार, एक-दोन वर्षांत तयार, तीन ते पाच वर्षांत तयार. उद्या प्रॉडक्शन हेडला दुसरीकडे ऑफर आली किंवा देव न करो हार्ट अटॅक आला तर कोण, याची नावं. आमच्या १४ खुर्च्या गुणिले ३, म्हणजे ४२ चौकोन. दोन-तीन वर्षांपासून हेड ऑफिसनं त्यात एक कंडिशन टाकली, खुर्चीपुढे एक तरी बाईचं नाव नसेल तर ती अख्खी ओळ लाल होते. हेतू चांगला, मी नाही म्हणत नाही. पण रात्री नऊ वाजता, ऑफिसात आपण आणि सिक्युरिटीवाला एवढेच, आणि समोर सहा ओळी लाल, तेव्हा माणूस काय करतो? मी आमच्या क्यूए, म्हणजे क्वालिटी बघणाऱ्या मॅडमचं नाव टाकलं. वेअरहाऊसला टाकलं, रेग्युलेटरीला, म्हणजे सरकारी परवानग्यांच्या खात्याला टाकलं, सप्लाय चेनला टाकलं. ओळी पांढऱ्या झाल्या, मी दिवे घालवून घरी गेले. दुसऱ्या वर्षी तीच शीट कॉपी करून वर नवीन तारीख.

तर त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा नावं वेगळी काढून मोजली. सक्सेशन प्लॅनमध्ये बायकांची नावं ११ चौकोनांत होती. पुरुषांची २४ चौकोनांत, आणि ७ रिकामे. भरलेले ३५, त्यात ११, म्हणजे ३१ टक्के, हेड ऑफिस खूश. पण त्या ११ चौकोनांत माणसं किती? चार. क्यूए मॅडम ५ ठिकाणी, दुसरी ३ ठिकाणी, तिसरी २, चौथी १. पुरुषांच्या २४ चौकोनांत मात्र १७ वेगवेगळी नावं. म्हणजे २१ माणसांत ४ बायका, १९ टक्के. आणि टक्क्याचं पण सोडा, एक बाई उठून गेली तर पाच चौकोन एकदम रिकामे. याला प्लॅन म्हणत नाहीत, गणपतीच्या आरतीत टाळ कमी पडले की एकच टाळ हातोहात फिरतो तसला प्रकार.

मग पुढे बघितलं, कुठल्या चौकोनात? बायकांची बहुतेक नावं तिसऱ्या चौकोनात, तीन ते पाच वर्षं. मी जुन्या शीट उघडल्या, २०१९ पर्यंतच्या माझ्याकडे आहेत. एक नाव २०१९ ला पण "तीन ते पाच वर्षांत तयार" आणि आज पण "तीन ते पाच वर्षांत तयार". बाईची मुलगी दहावीतून इंजिनीअरिंगला गेली एवढ्या काळात आणि आई अजून तयार होतेय. नुसतं भिजत घोंगडं. पुरुष पण अडकतात, नाही असं नाही, पण त्यांची नावं एक तर वर सरकतात नाहीतर लिस्टमधून उडतात, काहीतरी निकाल लागतो. हिचं नाव ना सरकत ना उडत, कारण ते तिथे असण्याचा उपयोग ओळ पांढरी ठेवण्यापुरता आहे, तो होतोय. त्या नावाकडे माणूस म्हणून कोणी बघतच नाही.

"आत्ता तयार"मध्ये दोन ठिकाणी बाईचं नाव होतं, दोन्हीकडे क्यूए मॅडमचंच, एक रेग्युलेटरी आणि एक सप्लाय चेन. म्हणजे आडवी उडी. वरची एकच खुर्ची आहे आमच्याकडे, प्लांट हेडची. तिच्यापुढच्या तिन्ही चौकोनांत पुरुष, आणि ती ओळ लाल होती पण हेड ऑफिसनं त्या एका ओळीला स्पेशल सूट दिलेली होती, "टेक्निकल रोल" म्हणून. जिथे मोजायला पाहिजे नेमकी तिथेच सूट.

आता टेक्निकल रोल म्हणजे काय ते सांगते, कारण मुळात तिथे पाणी मुरतं. औषधांच्या फॅक्टरीत प्लांट हेड बहुतेक वेळा प्रॉडक्शनमधून येतो. आमच्या तिन्ही बायका कुठे आहेत? क्यूए, रेग्युलेटरी आणि मी एचआर. तिघी कागदाच्या कामात. कागदाशिवाय एक गोळी बाहेर जाणार नाही हे खरं, पण वरची खुर्ची आमच्या जागेवरून दिसत नाही. म्हणून मी म्हणते की सीनिअर पातळीवर किती बायका हे विचारण्याआधी ज्या दोन-तीन खुर्च्यांवरून माणूस वर जातो त्या खुर्च्यांवर किती बायका हे विचारा. आमच्याकडे उत्तर शून्य. आणि त्याच्या खालच्या पायरीवर, म्हणजे शिफ्ट इन्चार्जमध्ये, एक.

हे असं का झालं? फ्रेशर्स घेताना बायोडेटा बघितले तर मुली जास्त असतात, बी. फार्म केलेल्या, एम.एस्सी. केमिस्ट्री केलेल्या, मार्क पण चांगले. पण १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट, त्याचं ६६ वं कलम, बाईनं फॅक्टरीत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात काम करायचं असं होतं. राज्य सरकारला थोडी सूट देता यायची पण रात्री १० ते पहाटे ५ त्यात पण बंद. २००० साली मद्रास हायकोर्टानं हे कलम घटनेच्या विरुद्ध म्हणून उडवलं, २०२० च्या नव्या लेबर कोडमध्ये बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रपाळी चालते असं आलं. पण आमच्या पिढीच्या मुली आल्या तेव्हा कोण या भानगडीत पडणार? मुलगी आली की तिला क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधं तपासायच्या लॅबमध्ये टाकायचं, जनरल शिफ्ट, साडेपाचला बस, आई-वडील खूश, कंपनीला कटकट नाही. मुलगा आला की ग्रॅन्युलेशनला, म्हणजे प्रत्यक्ष गोळ्या बनतात तिथे. बारा-पंधरा वर्षांनी तो मुलगा ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन, कोटिंग, पॅकिंग सगळं तिन्ही पाळ्यांत करून आलेला असतो, रात्री तीन वाजता मशीन अडकलं तर कोणाला उठवायचं ते त्याला माहीत असतं. आणि मीटिंगमध्ये सगळे गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, मॅडम हुशार आहेत हो, पण प्लांटचा अनुभव नाही. नसणारच! तो अनुभव वाटताना तिला रांगेत उभं केलंय कोणी?

मेरिटच्या विरुद्ध मी नाही, उगाच कोणी तसं समजू नका. अनुभव नसलेल्या माणसाला प्लांट हेड करा असं मी कधीच म्हणणार नाही, गोळ्या शेवटी कोणाच्या तरी पोटात जातात. मी म्हणते की मेरिट कुठल्या पाळीत मिळतं ते पण मोजा.

टॅलेंट रिव्ह्यूची मीटिंग हा आणखी एक सिनेमा. दक्षिण गोव्यातल्या एखाद्या हॉटेलात, पडदे ओढलेले, बाहेर समुद्र आणि आत स्क्रीनवर नऊ खणांचं ते चौकट. आडवं परफॉर्मन्स, उभं पोटेन्शियल, प्रत्येक माणसाला एका खणात टाकायचं. हे चौकट १९७० च्या सुमाराला मॅकिन्झीनं जनरल इलेक्ट्रिकसाठी बनवलं होतं, कुठल्या धंद्यात पैसे घालायचे आणि कुठल्यातून काढायचे ते ठरवायला. माणसांना त्यात नंतर बसवलं. मला दर वेळी ते आठवतं आणि दर वेळी मी गप्प बसते. पण गेल्या वर्षी मी एक काम केलं, डायरीच्या मागच्या पानावर दोन कॉलम आखले, पुरुष आणि बायका, आणि ज्याच्यात्याच्याबद्दल कोण काय शब्द वापरतं ते लिहीत गेले. पुरुषांच्या कॉलमात: भूक आहे, धडक आहे, अजून थोडा कच्चा आहे पण घडेल, रिस्क घेऊया. बायकांच्या कॉलमात: भरवशाची, सांभाळून घेते, एकही चूक नाही, टीमची आई आहे. सगळे कौतुकाचे शब्द, हां. एकानं पण वाईट बोललं नाही. पण पुरुषाला उद्याचे मार्क आणि बाईला कालचे. परफॉर्मन्सच्या आडव्या रेषेवर बायका पार उजवीकडे आणि पोटेन्शियलच्या उभ्या रेषेवर मध्येच लटकलेल्या. आणि मुलं लहान असलेल्या तीन जणांवर चर्चा झाली, दोन पुरुष, एक बाई. मुलांचा विषय कोणाच्या वेळी निघाला ते सांगायला नकोच. गंमत म्हणजे विषय काढणारी मी होते. "तिची मुलगी अजून बालवाडीत आहे, आत्ता मुंबईला जाईल का?" काळजीनंच बोलले मी. तिला विचारलं होतं का? नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा वरच्या टोकाला आहे, बोर्डाला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं लिस्टेड कंपन्यांना आणि ठराविक आकाराच्या वरच्या पब्लिक कंपन्यांना बोर्डावर किमान एक बाई सक्तीची केली. मग सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं सांगितलं की ती स्वतंत्र संचालक पाहिजे, पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, पहिल्या १००० ना १ एप्रिल २०२० पासून. त्याच्या आधी बऱ्याच ठिकाणी मालकाची बायको नाहीतर मुलगी बसवून काम भागत होतं. बीआरएसआर म्हणून कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा जो रिपोर्ट पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा झाला त्यात बोर्डावर किती बायका, केएमपीमध्ये किती, सोडून जाणाऱ्यांत किती, बाळंतपणाच्या रजेवरून परत किती आल्या आणि किती टिकल्या, हे सगळं विचारतात. चांगले प्रश्न आहेत, विशेषतः शेवटचा. पण केएमपीचं बघा. केएमपी म्हणजे मुख्यतः एमडी किंवा सीईओ, सीएफओ आणि कंपनी सेक्रेटरी. तीन माणसं! त्यातली कंपनी सेक्रेटरी बाई असली की रिपोर्टमध्ये ३३ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं वा, काय कंपनी आहे.

सक्सेशनबद्दल पण सेबीचा नियम आहे, बोर्डावर आणि सीनिअर मॅनेजमेंटमध्ये पुढे कोण याची तयारी आहे ना याची खात्री बोर्डानं करून घ्यायची. आणि २०२३ पासून सीईओ, एमडी अशी जागा रिकामी झाली तर तीन महिन्यांत भरायची. आता तीन महिन्यांत बाहेरून माणूस शोधणं, त्याचा नोटीस पीरियड, हे बसतच नाही. म्हणजे घाईच्या वेळी हात जातो तो लिस्टवर. लिस्टमध्ये जो आहे तो आहे, जी नाही ती नाही. म्हणून ती लिस्ट रात्री नऊ वाजता एचआरवालीनं ओळी पांढऱ्या करायला भरायची गोष्ट नाही, हे मला आता कळतंय.

गोव्यात डायव्हर्सिटी म्हटलं की नुसती बायकांवर संपत नाही. आमच्याकडे खरा दुखरा विषय गोंयकार आणि भायले, म्हणजे मूळ गोव्याचे आणि बाहेरचे. निवडणूक आली की स्थानिकांना नोकऱ्या हा मुद्दा येतोच आणि आम्ही एचआरवाले लगेच आकडा काढतो, एकूण कामगारांत गोव्याचे इतके टक्के. मोठा आकडा असतो. पण तो आकडा पण पायरीपायरीनं फोडून बघा. ऑपरेटर, हेल्पर, पॅकिंग, तिथे गोंयकार भरपूर, सांगे, केपे, फोंडा, सत्तरीहून बसनं येणारे. वर वर जाल तसे पातळ होत जातात. प्लांट हेड माझ्या सतरा वर्षांत पाच येऊन गेलेले बघितले, पाचही बाहेरचे, मुंबई, हैदराबाद, बडोदा. तीन वर्षं येतात, दोनापावलाला समुद्र दिसणारा फ्लॅट, मग बदली. चांगली माणसं होती, दोघांकडून मी खूप शिकले. पण आपल्या माणसाला वर न्यायचं तर त्याला दोन वर्षं दुसऱ्या प्लांटला पाठवावं लागतं आणि आमचा माणूस गोवा सोडायला तयार नसतो, चवथीला, गणपतीला, घरी नाही म्हणजे काय! मग बाहेरचे साहेब म्हणतात सुशेगाद, म्हणजे निवांत, आरामात जगणारा. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. रात्रपाळी करून सकाळी बागायतीत पाणी लावणारा माणूस सुशेगाद? अर्धा दोष मात्र आमचा पण आहे, ते पण लिहिते, दोन जणांना मी स्वतः बडोद्याची संधी आणून दिली होती, दोघांनी आईचं कारण सांगितलं. दोघांच्या आया मला बाजारात भेटतात, ठणठणीत आहेत.

आणि अपंगत्वाचा कॉलम? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव. आमच्या १४ खुर्च्यांपुढे त्या कॉलमात शून्य लिहिलेलं असतं. कोणाला कधी विचारलंच नाही तर शून्य येणारच. आमच्यातले एक साहेब कानातलं मशीन केसांखाली लपवून मीटिंगला बसतात, आणि सगळे न बघितल्यासारखं करतात.

त्या शनिवारी घरी आईसमोर या चौकोनांची कटकट केली. आईनं ठेवणीतलं उत्तर दिलं, "शशिकलाताई नव्हत्या मुख्यमंत्री?" आमच्या घरात बायकांचा विषय निघाला की हे उत्तर ठरलेलं. होत्या की. १९७३ मध्ये त्यांचे वडील, तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७९ पर्यंत होत्या. देशातल्या पहिल्या काही महिला मुख्यमंत्र्यांत त्यांचं नाव येतं, छोट्याशा गोव्यातून, आणि त्याचा अभिमान मला पण आहे. मी आईला म्हटलं, "त्यांच्यानंतर कोण?" आई भाजी चिरत राहिली. त्यांच्यानंतर एक पण नाही. २०२२ च्या विधानसभेत ४० आमदार निवडून आले, त्यात ३ बायका. आमच्या प्लांटपेक्षा वाईट. आणि मग डोक्यात आलं की आई करते तेच मी एक्सेलमध्ये करतेय, एकच नाव घ्यायचं आणि जिथे जिथे रिकामं दिसेल तिथे तिथे ठेवायचं. आईनं घेतलेलं नाव निदान खऱ्या खुर्चीवर बसलेलं तरी होतं.

आई तरीपण हरली नाही, म्हणाली, "बापाची मुलगी म्हणून नाही झाल्या नुसत्या, आधी आमदार होत्या." ते बरोबर, १९६७ पासून. म्हणजे तयारीची खुर्ची त्यांना मिळाली होती. आईनं नकळत माझाच मुद्दा मांडला आणि वर मलाच वांगी धुवायला लावली.

सोमवारी मी आकडे पाठवले, पण टेम्प्लेटबरोबर माझी एक वेगळी शीट जोडली. त्यात टक्के नाहीत. एकेक बाई एकदाच, कितीही चौकोनांत असली तरी. तिच्यापुढे ती कुठल्या वर्षी लिस्टमध्ये आली आणि चौकोन कधी बदलला. आणि सगळ्यात खाली मागच्या पाच वर्षांचा हिशोब: ७ खुर्च्या रिकाम्या झाल्या, ३ बाहेरून भरल्या, ४ आतून, त्या चौघांतले लिस्टमध्ये आधीपासून किती होते तर २. म्हणजे आपण एवढा जो प्लॅन करतो तो सातात दोनदा कामी आला. बायका त्यात शून्य. अजून एक कॉलम मी मुद्दाम टाकला, तात्पुरता चार्ज कोणाला दिला. साहेब रजेवर गेले, परदेशी ऑडिटला गेले की पंधरा-वीस दिवस सही करायला कोणाला बसवतात, तिथे खरं सक्सेशन चालतं, कागदावर नाही. ज्याला तीनदा चार्ज मिळाला तो चौथ्यांदा सगळ्यांना "पात्रांव", म्हणजे मालक वाटायला लागतो. क्यूए मॅडमना सहा वर्षांत एकदा चार्ज मिळाला होता, दिवाळीत, चार दिवस, प्लांट बंद असताना.

हेड ऑफिसचं उत्तर आलं, "थँक्स, पण पर्सेंटेज फॉरमॅटमध्ये पाठवाल का." पाठवलं.

आणि मग दहा दिवसांत क्यूए मॅडमनी राजीनामा दिला. हैदराबादची कंपनी, साइट क्वालिटी हेड, मोठा प्लांट. एक्झिट इंटरव्ह्यू मीच घेतला, माझ्याच केबिनमध्ये, एसी नीट चालत नव्हता म्हणून दार उघडं टाकून. फॉर्मवरचे प्रश्न झाल्यावर मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही इथे पाच खुर्च्यांसाठी लिस्टमध्ये होता." त्या बघतच राहिल्या. मग कोकणीत म्हणाल्या, "म्हाका कोणेंच सांगलें ना गे." सक्सेशन लिस्ट गुप्त असते ना, कोणाच्या अपेक्षा वाढू नयेत म्हणून सांगायचं नसतं, पॉलिसीतच आहे. पुरुषांना पण अधिकृतपणे कोणी सांगत नाही, पण त्यांना कळतं, संध्याकाळी कुठेतरी बसलेले असताना साहेब खांद्यावर हात टाकून बोलून जातात. मॅडम साडेपाचच्या बसनं घरी जात होत्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या पाच?" मी सांगितल्या. वेअरहाऊसचं नाव ऐकून त्या हसल्या, "वेअरहाऊस? मला?" त्या हसण्यापुढे माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. चौकोन मी भरला होता.

त्या गेल्यावर शीट उघडली तर पाच ओळी लाल. यावेळी तशाच ठेवल्यात. नवे प्लांट हेड, सहावे, अजून नवीन आहेत, त्यांनी विचारलं हे लाल काय आहे. मी म्हटलं, सर, खरं आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टॅबवर गेले, पण दुपारी परत फोन करून विचारलं, शिफ्ट इन्चार्ज बाई एकच आहे का. म्हटलं एकच, आणि ती पण फक्त दिवसपाळीची.

तिला मी काल बोलावलं. सांग्याची मुलगी, लग्न झालंय, आठ वर्षं झाली आमच्याकडे, कॉम्प्रेशनला आहे. यावेळी पॉलिसी बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, पुढे प्रॉडक्शन हेड, प्लांट हेड असं कधी डोक्यात येतं का, त्यासाठी दोन वर्षं तिन्ही पाळ्या कराव्या लागतील, घरी विचारून सांग, घाई नाही. मला वाटलं लाजेल, नाहीतर नवऱ्याला विचारते म्हणेल. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, रातची बस सांग्याक वता?"

जात नाही. रात्रपाळीची बस मडगावपर्यंतच आहे, तिथून पुढे सगळे पुरुष आपापल्या बाइकवर जातात. सतरा वर्षांत मला हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याला मडगाव-केपे-सांगे एक छोटी गाडी, रात्री अकरा आणि सकाळी सव्वासात, गार्डसकट, असं कोटेशन मागितलंय. आज सकाळी आलंय, बोरीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना फोनवर दिसलं. आकडा बघून साहेब काय म्हणतात ते बघू, मी जेवणाआधीच जाते त्यांच्याकडे.